दहावी-बारावीनंतर डिजिटल आर्टकडं जायचंय? मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी सगळं एका जागी

दहावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला सुरू होतो, कधी पोरगं स्वतः बोलतं, बऱ्याचदा त्याचा बाप. "आमच्या लेकराची चित्रकला चांगलीय, दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ एडिट करत बसतंय, त्याला ॲनिमेशनला टाकावं म्हणतो, पैसे किती लागतेत अन् पुढं नोकरी लागते का?" हे फोनवर दहा मिनिटांत सांगून होत नाही, अर्धं राहून जातं, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. मी जिंतूर तालुक्यातला. दहावीनंतर आयटीआयला मल्टिमीडियाचा एक वर्षाचा ट्रेड केला, नांदेडला फ्लेक्सच्या दुकानात दोन वर्षं बसलो, मग पुण्यात एका व्हीएफएक्स, म्हणजे सिनेमातले कॉम्प्युटरवरचे इफेक्ट करणाऱ्या स्टुडिओत साडेचार वर्षं काढली आणि आता संभाजीनगरला राहून स्वतःचं काम करतो, संध्याकाळी काही पोरं शिकायला येतात.

या लाइनीत सर्टिफिकेट कुणी बघत नाही असं सगळे सांगतेत, ते अर्धंच खरं आहे. अप्रेंटिसशिपला, सरकारी जागेला, पुढच्या ॲडमिशनला सर्टिफिकेट लागतंच. पण कामावर घेणारा माणूस तुम्हाला पहिलं वाक्य बोलतो ते "काय केलंयस ते दाखव" हेच. त्यामुळं कोर्स निवडताना तिथं माझ्या हातून किती काम होणार आहे, कॉम्प्युटरसमोर मला दिवसाला किती तास बसायला मिळणार आहे, हे आधी बघायचं. इमारत, एसी, जाहिरातीतले फोटो, हे सगळं नंतर.

फॉर्म भरायच्या आधीचे तीन महिने

परीक्षा झाल्यापासून ॲडमिशनपर्यंत मध्ये बराच वेळ मिळतो, तो वाया घालवू नका. पैसा न लावता स्वतःला तपासून बघायची हीच वेळ आहे. थ्रीडीसाठी ब्लेंडर, चित्रासाठी क्रिटा, लोगो-अक्षरांच्या कामासाठी इंकस्केप, हे तिन्ही पूर्ण फुकट आहेत, आणि व्हिडिओ एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती शिकायला भरपूर पुरते. फुकट म्हणजे कच्चं, पोरखेळ, असं घरच्यांना वाटतंय, त्यांना सांगा की २०२५ साली ज्या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो लाटवियाचा 'फ्लो' ब्लेंडरमध्येच बनवलेला आहे. पायरेटेड फोटोशॉपच्या मागं लागू नका, त्याच्यासोबत व्हायरस येतो अन् महिन्याभराचं काम घेऊन जातो.

तीन महिन्यात करायचं काय, तर पहिला महिना फक्त चेंडू. एक चेंडू वरून पडतो, टप्पा खातो, परत वर जातो, पुन्हा पडतो, प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा कमी उंच. आपल्याकडं टीव्हीच्या हिशेबानं सेकंदाला २५ चित्रं धरतात, म्हणजे चार सेकंदांच्या चेंडूला १०० चित्रं. रबरी चेंडू, क्रिकेटचा चेंडू आणि पाण्यानं भरलेला फुगा, तिघं वेगवेगळे पडले पाहिजेत, बघणाऱ्याला न सांगता कळलं पाहिजे कोणता कशाचा आहे. हे ज्याला जमलं त्याला वजन आणि वेळ कळली, अन् ॲनिमेशनमधी त्याच्याशिवाय दुसरं आहे तरी काय.

दुसऱ्या महिन्यात रोज एक पान स्केच, समोर बघून. फोटो बघून काढायचं नाही. एसटी स्टँडवर बसा, बोचकं डोक्यावर घेतलेली बाई एका अंगानं कशी कलते, रवंथ करणाऱ्या म्हशीचा जबडा कसा गोल फिरतो, ते काढा. चित्र चांगलं आलं पाहिजे असं काही नाही, बघायची सवय लागली पाहिजे. आमच्या तालुक्यात चारठाण्याला जुनी देवळं आहेत, तिथला कोरीव खांब मी शाळेत असताना किती वेळा काढला असेल सांगता येत नाही, पुढं थ्रीडी शिकलो तेव्हा पहिलं मोठं मॉडेल त्याच खांबाचं केलं, कारण त्याची नक्षी हाताला पाठ होती. तुम्ही हिंगोलीकडचे असाल तर औंढ्याला जा, संभाजीनगरचे असाल तर वेरूळ हाकेवर आहे, कैलास लेण्यात सकाळी एक अन् दुपारी एक असं एकाच मूर्तीचं दोनदा चित्र काढा, उजेड बदलला की दगड कसा बदलतो ते कोणत्याच क्लासात एवढं नीट शिकवत नाहीत.

तिसऱ्या महिन्यात एक छोटं काम पूर्ण करायचं. दहा सेकंदाचं का होईना, पण पूर्ण. आणि मग स्वतःला खरं विचारायचं, हे करताना मला कंटाळा आला का? काही पोरांना ॲनिमेशन बघायला आवडतंय, बनवायला नाही, आणि हे तीन महिन्यात फुकट कळलं तर त्यात वाईट काहीच नाही, दीड लाख भरल्यावर कळलं तर वाईट.

घरी कॉम्प्युटर नाही म्हणून अडून बसू नका. वहीच्या कोपऱ्यावर पानापानाला चित्र काढून पानं फर्रकन सोडली की ॲनिमेशन होतंय, मोबाइलवर मातीची बाहुली थोडी थोडी हलवत फोटो काढले तरी होतंय. गावातल्या एमएस-सीआयटी सेंटरवाल्याला विचारा, दुपारी मशीन रिकाम्या असतेत, बरेच जण बसू देतेत.

अन् अजून जे आठवी-नववीत आहेत त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा सोडू नका. इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला ७, बी ला ५ आणि सी ला ३, शिवाय पुढं कला महाविद्यालयाच्या वाटेवर हाच पाया कामी येतो.

कोणत्या दारातनं जायचं

सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात स्वस्त दार म्हणजे आयटीआय. दहावी पास लागतं, राज्यभरात ऑनलाइन अर्ज एकाच ठिकाणी म्हणजे डीव्हीईटीच्या (राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या) पोर्टलवर भरायचा. आपल्या कामाचे ट्रेड दोन-तीन आहेत. 'मल्टिमीडिया ॲनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स' हा एक वर्षाचा, 'डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर' म्हणजे आपलं डीटीपी, हापण एक वर्षाचा, आणि हे दोन्ही जवळ मिळाले नाहीत तर कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड. सगळ्या आयटीआयमधे सगळे ट्रेड नसतात, आमच्या वेळेला पण मला घर सोडून जावं लागलं होतं, त्यामुळं ऑप्शन भरताना फक्त तालुक्याचं नाव टाकून मोकळे होऊ नका, जिल्ह्याची आणि शेजारच्या जिल्ह्याची ट्रेडची यादी बघा. एक गोष्ट फार कमी जण सांगतेत: आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं तर दोन वर्षांचा ट्रेड लागतो, एक वर्षाच्या ट्रेडवर ते दार उघडत नाही. मला हे ट्रेड संपल्यावर कळलं, तुम्हाला आधी कळू द्या.

आयटीआयची खरी ताकद पुढच्या अप्रेंटिसशिपमधे आहे. १९६१ च्या कायद्याखाली कंपनीत शिकाऊ म्हणून जाता येतंय, स्टायपेंड मिळतं, नोंदणी सरकारी पोर्टलवर होते. वर्षभर खऱ्या डेडलाइनमधे बसलेला पोरगा आणि फक्त लॅबमधे बसलेला पोरगा यांच्या हातात फरक दिसतोच.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, दहावीनंतर, एमएसबीटीईचा म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा. संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, नांदेड, हिंगोली, सगळीकडं शासकीय तंत्रनिकेतन आहे. पण तिथं चित्रकला शिकवतेत अशा समजुतीत जाऊ नका. कॉम्प्युटर किंवा आयटीचा डिप्लोमा करणाऱ्यानं चित्राचं काम स्वतःच्या वेळेत चालू ठेवलं तर तो गेमकडं, वेबसाइट-ॲपच्या डिझाइनकडं फार जोरात जातो, कारण त्याला कोड पण कळतो आणि रंग पण. स्टुडिओत अशा माणसाला टेक्निकल आर्टिस्ट म्हणतात आणि तो मिळता मिळत नाही. मेकॅनिकलवाल्याला अजून एक वाट आहे, ती आपल्याच भागात आहे म्हणून मुद्दाम सांगायलोय. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांना थ्रीडीत पार्ट काढणारी माणसं कायम लागतेत, संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधे कॅड-कॅमचे, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्ट काढून मशीनवर घडवायचे कोर्स आहेत. हे ॲनिमेशन नाही, पण स्क्रीनवर वस्तू घडवण्याचंच काम आहे आणि पगार महिन्याच्या महिन्याला होतो, घरची जबाबदारी अंगावर असलेल्या पोरानं याचा विचार नक्की करावा.

बारावी झालेल्यांसाठी माझ्या मते सगळ्यात भारी दार म्हणजे बीएफए, कलेची पदवी, चार वर्षं, त्यातही अप्लाइड आर्ट, म्हणजे जाहिरात-छपाईच्या कामाची कला. आपल्या संभाजीनगरलाच शासकीय कला महाविद्यालय आहे, मुंबईत जेजे आहे, १८५७ सालापासूनचं. राज्याच्या बीएफएला सीईटी सेलची वेगळी परीक्षा असते, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, डिझाइन असे हातानं काढायचे पेपर आणि सामान्य ज्ञान. बारावीला मार्क कमी पडले म्हणून खचलेली पोरं इथं हाताच्या जोरावर पुढं गेलेली मी बघितलीत. आणखी मोठी उडी मारायची असेल तर आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा, डिझाइनच्या पदवीसाठीची, बारावीची कोणतीही शाखा चालते, आर्ट्सची सुद्धा! परीक्षा जानेवारीत असते आणि फॉर्म बराच आधी निघतो, आपल्याकडच्या कॉलेजात हे कुणी सांगतच नाही, बारावीची परीक्षा संपल्यावर कळतं तोवर वर्ष गेलेलं असतं.

मुंबईत २०२५ मधे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही केंद्र सरकारच्या पुढाकारातली नवी संस्था सुरू झालीय, ॲनिमेशन, गेमिंग, व्हीएफएक्ससाठीच, त्यांच्या कोर्सवर लक्ष ठेवा.

फीच्या बाबतीत, महाडीबीटीवर तुमच्या प्रवर्गाची कोणती स्कॉलरशिप बसते ते ॲडमिशनच्या आधी बघून ठेवा. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केलेली आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला पाहिजे, तुमचा कोर्स त्यात बसतो का ते कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीवर जाऊन स्पष्ट विचारा. "पोरीच्या शिकण्याला एवढा पैसा कुठून आणू" म्हणणाऱ्या घरात ही माहिती वेळेत पोचली पाहिजे. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाइल मे महिन्यातच काढा, जूनमधे सेतूवर उभं राहायला जागा नसते.

प्रायव्हेट क्लासला पैसे भरताना

प्रायव्हेट सगळे वाईट नसतात, काही ठिकाणी शिकवणारे फार जीव लावून शिकवतेत. पण माझ्याच मावसभावाचं सांगतो, नाव कुणाचं घेत नाही. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणून बोर्ड होता, मावशीच्या नवऱ्यानं सोयाबीनचे पैसे भरले आणि राहिलेले हप्त्यानं म्हणून एका कागदावर सही केली. तो कागद क्लासच्या हप्त्याचा नव्हता, फायनान्सच्या कर्जाचा होता. चार महिन्यात शिकवणारे सर सोडून गेले, क्लास नुसता नावाला राहिला, पोरगं घरी आलं, पण कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातनं जातच राहिला. दीड वर्ष गेला.

म्हणून जाऊन बघा, एकदा नाही, दोनदा, आणि एकदा न सांगता. दुपारी तीन वाजता लॅबमधे किती पोरं काम करायलेत, किती मशीन चालू आहेत. शिकवणाऱ्याचं स्वतःचं काम दाखवा म्हणा, आणि गेल्या वर्षीच्या दोन पोरांचे नंबर मागा, ज्यांना ते द्यायला जड जातंय तिथं थांबायचं नाही. सर्टिफिकेट कुणाचं आहे, सरकारमान्य आहे की त्यांनीच छापलेलं आहे? पैसे भरल्याची पावती, आणि सही करायच्या कागदावर वरती कुणाचं नाव आहे ते वाचून. वडिलांना वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा.

कोर्स चालू असताना काय शिकायचं, जे पुस्तकात नाही

सॉफ्टवेअरची बटणं सगळेच शिकवतेत. पण काम बिघडतं ते भलत्याच ठिकाणी, त्यातल्या दोन-तीन जागा जवळून दाखवतो.

फ्लेक्सच्या दुकानात गिऱ्हाईक येतं, व्हॉट्सॲपवर भाऊंचा फोटो टाकतं आणि म्हणतं दहा बाय आठचा करा. आता हिशेब बघा. दहा फूट म्हणजे १२० इंच. फ्लेक्सला इंचाला ७२ ठिपके धरले तरी चालतात, म्हणजे रुंदीला ८,६४० ठिपके पाहिजेत. व्हॉट्सॲपवरनं साधा पाठवलेला फोटो दाबला जाऊन लांब बाजूला साधारण १,६०० ठिपक्यांचा राहतो. तो दहा फुटावर ताणला तर इंचाला तेरा ठिपके! भाऊंचा चेहरा म्हणजे नुसते चौकोन. म्हणून पहिल्या दिवशी शिकायचं वाक्य, "दादा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा." हाच फोटो पत्रिकेत छापायचा तर इंचाला ३०० ठिपके लागतेत, पण पत्रिका लहान असते म्हणून तिथं भागून जातंय. हा हिशेब ज्याला तोंडपाठ तो दुकानात महिन्याभरात मालकाच्या विश्वासातला होतो.

दुसरं, रंग. स्क्रीनवर रंग उजेडाचा असतो, कागदावर शाईचा. स्क्रीनवरचा झगझगीत भगवा छापताना विटकरीकडं झुकतो, पोपटी मळकट होतो, आणि आपल्याकडं भगवा, निळा, हिरवा हे नुसते रंग नसतेत, लोक मनाला लावून घेतेत. छापायचं काम असेल तर सुरुवातीपासून सीएमवायकेमधे, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबात करा, शेवटी बदलू नका, आणि एक छोटा तुकडा छापून गिऱ्हाइकाला दाखवून मगच पूर्ण मारा. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं सोडा, नाहीतर कटिंगला पांढरी कड राहते.

तिसरं, आपली अक्षरं. हे मला फार जिव्हाळ्याचं आहे. नांदेडला असताना एका लग्नपत्रिकेत नवरीचं नाव प्रज्ञा होतं, मी युनिकोडमधे टाइप केलं, सॉफ्टवेअरची भारतीय लिपीची सेटिंग चालू नव्हती, ज् वेगळा पडला, ञ वेगळा, मधे पाय मोडलेला. माझ्या डोळ्याला ते मराठीच दिसलं, घाईत पुढं गेलो, ४०० पत्रिका छापून आल्या. नवरीचे वडील दुकानात आले, रागावले नाहीत, नुसतं नावावर बोट ठेवून उभे राहिले. रात्रभर बसून पुन्हा छापल्या, मालकानं मला एक शब्द बोलला नाही पण त्या रात्री त्यानं मला जे शिकवलं ते अजून पोरांना शिकवतो. जुनं फोटोशॉप असेल तर टाइपच्या सेटिंगमधे जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. जुन्या प्रेसमधे श्रीलिपीसारखे फॉन्ट चालतेत, तुमची फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की सगळं मॅटर कचरा होतं, म्हणून कोरलमधे पाठवायच्या आधी सगळी अक्षरं निवडून कंट्रोल क्यू, म्हणजे अक्षराचं चित्र होतं आणि कुठंच हलत नाही. पण त्याच्या आधी एक कॉपी साधी ठेवा, नाहीतर गिऱ्हाईक तारीख बदलायला आलं की बोंब. मुक्ता, बालू हे 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे फॉन्ट फुकट मिळतात, युनिकोड आहेत, जोडाक्षरं सुंदर बसतात. आणि नावं दोघांनी वाचायची, टाइप करणाऱ्यानं एकट्यानं नाही, कायम.

थ्रीडीवाल्यांसाठी एकच, पण सोन्यासारखं. दहा सेकंदांचा शॉट म्हणजे २५० फ्रेम, म्हणजे २५० चित्रं, अन् प्रत्येक चित्र कॉम्प्युटरनं पक्कं बनवायचं, त्याला रेंडर म्हणतेत. एका फ्रेमला दोन मिनिटं लागली तर ५०० मिनिटं, सव्वाआठ तासाच्या वर. रात्री रेंडर लावून झोपता आणि पहाटे तीनला लाइट जाते. थेट व्हिडिओत रेंडर लावला असेल तर सगळी रात्र गेली. पीएनजीच्या वेगवेगळ्या फ्रेम म्हणून लावला असेल तर १८० पर्यंतच्या फ्रेम जागेवर असतेत, सकाळी १८१ पासून पुढं चालू. मोठमोठ्या स्टुडिओतही असंच करतेत, आपल्याला तर लाइटीमुळं करावंच लागतंय.

मशीनबद्दल फार लिहीत नाही. १६ जीबी रॅम, एसएसडी, थ्रीडी करायचं असेल तर वेगळं ग्राफिक कार्ड, आणि लॅपटॉपपेक्षा जोडलेला डेस्कटॉप, तेवढ्याच पैशात जोर जास्त मिळतो आणि पुढं एकेक पार्ट वाढवता येतो. पहिल्या वर्षी घेऊच नका, लॅब वापरा. पेन टॅबलेट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेननं चित्र काढायची पाटी, मात्र लवकर घ्या, छोटा चालतो.

रील

शोरील म्हणजे तुमच्या कामाची एक मिनिटाची, फार तर दीड मिनिटाची फीत. सगळ्यात चांगलं काम सगळ्यात आधी, कारण बघणारा पंधरा सेकंदात ठरवतो. प्रत्येक शॉटखाली मी यात काय केलं हे एका ओळीत लिहा. ट्युटोरिअल बघून केलेलं टाकू नका. ब्लेंडर शिकणारा जगातला प्रत्येक जण पहिल्यांदा डोनट करतो, सुपरवायझरनं असले हजार डोनट बघितलेले असतेत. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या एका पोरीनं आजीचा पितळी तांब्या केला. नवा चकचकीत नाही, हापशाखाली ठेवून ठेवून बुडाला पोचे पडलेला, चिंचेनं घासलेला पण गळ्याच्या खाचेत काळं राहिलेला. इंटरव्ह्यूला त्या माणसानं बाकीचं रील थांबवून त्या पोच्यांबद्दलच विचारलं, हे कशानं पडले, इथंच का पडले, आणि ती सांगत गेली कारण तिनं बघितलेलं होतं. लागली ती. आपल्याकडं जातं आहे, चुंबळ आहे, पैठणीचा पदर आहे, अजिंठ्याच्या भिंतीवरले मातीचे रंग आहेत. पुण्या-मुंबईच्या पोरांना हे नेटवर शोधावं लागतं.

लिंक पाठवायच्या आधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. ड्राइव्हची परमिशन बंद असली तर समोरचा तुम्हाला विचारत बसत नाही, पुढच्या पोराचं रील उघडतो.

काम कुठं कुठं आहे

गावात-तालुक्यात फ्लेक्स, पत्रिका, लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिटिंग. याला कमी समजू नका, पगार थोडा असतो पण हात चालतो आणि माणसांशी बोलायला शिकता. संभाजीनगर-नांदेड-लातूरला डिजिटल मार्केटिंगच्या एजन्सी, पेपरांची पानं लावणं, कोचिंग क्लासेसचे व्हिडिओ, लातूरला तर या शेवटच्या कामाला तोटा नाही. पुण्या-मुंबईत व्हीएफएक्स, गेम, जाहिरात. व्हीएफएक्समधे नवीन पोरं बहुतेक रोटोला लागतात, म्हणजे शॉटमधल्या माणसाभोवती फ्रेमगणिक रेघ काढून त्याला मागच्या भागापासून वेगळं करायचं. कंटाळवाणं आहे, मान दुखते, पण शॉट म्हणजे काय ते कळतं. त्यातच दोन वर्षांच्या वर अडकू नका, कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळे तुकडे एका शॉटमधे बसवायचं काम, शिकत राहा.

आता जे आहे ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. ही लाइन चढउताराची आहे. २०२३ ला हॉलिवूडमधे लेखक आणि नटांचा संप झाला तर इकडं पुण्यात आमच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, कारण शॉट तिकडनंच येत होते. २०२५ च्या सुरुवातीला टेक्निकलरसारखी शंभर वर्षं जुनी कंपनी कोसळली आणि भारतातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. वर एआय आलंय. वाढदिवसाचं साधं बॅनर, थंबनेल लोक आता मोबाइलवर स्वतःच करायलेत, सोपा रोटो मशीन करायलंय. पण मशीननं काढलेल्या चित्रात मराठी अक्षर नीट येईल याचा अजून भरवसा नसतो, गिऱ्हाइकाला नेमकं काय पाहिजे ते त्याच्या तोंडून काढून घेणं, छापायला फाइल बरोबर तयार करणं, शॉटमधे काय खटकतंय ते ओळखणं, हे माणसाकडंच आहे. म्हणून एआय शिका, वापरा, पण हात आणि डोळा त्याच्या भरवशावर सोडू नका. आणि पहिल्या दोन वर्षांत घराला पैसे पाठवायचे असतील तर सरळ घरच्यांशी बोलून घ्या, पुण्यातला सुरुवातीचा पगार खोली आणि मेसमधेच जातो.

घरी राहून फ्रीलान्स करता येतं, मी तेच करतो, पण तीन-चार वर्षं कुठंतरी नोकरी केल्यावर. कामाची शिस्त आणि ओळखी तिथंच होतेत. सुरुवात ओळखीच्या कामापासून होते आणि ओळखीतच पैसे बुडतेत, म्हणून काका असो की मित्र, अर्धा ॲडव्हान्स. किती वेळा बदल करून देणार तो आकडा आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको, मी तीन सांगतो, चौथ्याला वेगळे पैसे. आणि फायनल फाइल पैसे खात्यात आल्यावर, तोवर वॉटरमार्क टाकलेला लहान जेपीजी पाठवायचा.